निंदा पुरे, आता निवड करू या!

गेल्या दिवाळीत एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी फराळाला जाण्याचा योग आला. डोंबिवलीतील तीन पिढ्यांचे, एकत्र नांदणारे घर. स्वागत नेहमीच्या अगत्याने झाले. चकल्या झाल्या, चहा झाला, ख्यालीखुशालीच्या चार गोष्टी झाल्या आणि मग हळूहळू ज्याच्या त्याच्या हाती ज्याचा त्याचा मोबाइल आला. आजोबा कानांत इअरफोन घालून कीर्तन ऐकू लागले. सूनबाई आदल्या रात्री हुकलेला मालिकेचा भाग पाहू लागल्या. कर्ते चिरंजीव क्रिकेटमध्ये गुंतले. सोळा वर्षांची नात कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय वर घेऊन काहीतरी पाहत होती. ती मध्येच खळखळून हसली. आजोबांनी एका कानातला इअरफोन काढून कौतुकाने विचारले, "काय गं, काय झालं एवढं हसायला?" ती म्हणाली, "काही नाही हो आजोबा, तुम्हाला नाही कळायचं." आजोबांनी इअरफोन पुन्हा कानात घातला.

मुलगी उद्धट नव्हती आणि आजोबाही रागावले नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. तरीही ते दृश्य मनातून जाईना. चार माणसे, चार पडदे आणि एकाच्या हसण्यात दुसऱ्याला वाटा नाही! विभक्त कुटुंबपद्धतीविषयी आपण गेली चाळीस वर्षे बोलत आहोत. परंतु एकाच छपराखाली राहून, एकाच ताटातला फराळ खाऊन, हसण्यापुरती विभक्त झालेली कुटुंबे आपल्या आसपास वाढत आहेत, त्यांच्याविषयी बोलायला आपण अजून सुरुवातही केलेली नाही.

सकाळी निषेध, रात्री हजेरी

दूरचित्रवाणीवर टीका हा आपल्या व्याख्यानमालांचा आणि बैठकांचा आवडता विषय. २००० साली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका सुरू झाली आणि तिच्यामागून तशाच मालिकांची रांग लागली, तेव्हापासून आपण या माध्यमावर कोरडे ओढत आलो आहोत. आक्षेप खोटा मुळीच नव्हता. ज्या घरात कोणी कष्ट करताना दिसत नाही, ज्या घरातील स्त्रिया झोपतानाही दागिने उतरवत नाहीत आणि जेथे प्रत्येक दाराआड कोणीतरी कान लावून उभे असते, ते घर आपले नव्हते. हिंदू कुटुंबाचा देव्हारा त्या मालिकांनी घेतला, तुळशीवृंदावन घेतले, मंगळसूत्र घेतले; कुटुंबातील विश्वास तेवढा बाहेर ठेवला.

परंतु ती मालिका २००८ पर्यंत चालली, ती कोणाच्या बळावर? ती चालली आपल्याच घरांत, आपल्याच जेवणाच्या वेळी. आणि २०२५ च्या जुलैमध्ये ती नव्या रूपात पुन्हा सुरू झाली, तेव्हाही आपल्यापैकी किती घरांत तिचे कुतूहलाने स्वागत झाले, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. सकाळी निषेध आणि रात्री हजेरी, असा आपला व्यवहार आहे.

हा व्यवहार निरुपद्रवी नाही. वाहिन्यांची प्रेक्षकसंख्या 'बार्क' ही संस्था मोजते. देशातील कोट्यवधी घरांपैकी काही हजार निवडक घरांत तिने यंत्रे बसवलेली असतात. कार्यक्रमाच्या आवाजात मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण ते यंत्र ओळखते आणि कोणती वाहिनी किती वेळ लागली होती याची नोंद ठेवते. त्या यंत्राला संताप मोजता येत नाही. नाक मुरडत पाहणारा आणि डोळे पुसत पाहणारा, दोघांचीही नोंद एकच होते : पाहिले! मोबाइलवरील ओटीटी सेवा तर याच्या कितीतरी पुढे गेल्या आहेत. तेथे प्रत्येक ग्राहकाचे घर हे मोजणीचे घर आहे. कोणता भाग सुरू केला, कोठे सोडला, शेवटपर्यंत कोणता पाहिला, हे सारे त्यांना कळते. म्हणजे आपले मत रोज नोंदवले जात आहे. आपण व्यासपीठावर जे बोलतो ते मत मोजले जात नाही. रात्री बोटाने जे दाबतो ते मोजले जाते.

म्हणून हा लेख दूरचित्रवाणीच्या निंदेसाठी नाही. निंदा पुष्कळ झाली. "घरच्यांसोबत बसून पाहण्यासारखे आता काही उरलेच नाही," हे वाक्य आपण इतक्या वेळा उच्चारले आहे की ते खरे आहे की नाही हे तपासण्याचे कष्टच आपण घेईनासे झालो. ते खरे नाही. पाहण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते विशेषतः विनोदी मालिकांत आहे.

रोजचीच माणसे, रोजचीच खोड

ज्या मालिकांना 'सिटकॉम' म्हणतात, त्यांची रचना साधी असते. माणसे तीच, घर तेच, बहुधा सोफाही तोच. प्रत्येक भागात एक नवा प्रसंग येतो. माणसांच्या खोडी मात्र बदलत नाहीत. चिक्कू माणूस चिक्कूच राहतो, बढाईखोर बढाया मारतच राहतो. त्या खोडीतून घोटाळा होतो, घोटाळ्यातून हसू फुटते आणि अर्ध्या तासाच्या शेवटी सगळे पुन्हा एकत्र जेवायला बसतात.

आपले घर याहून वेगळे काय असते? तीच माणसे, त्याच खोडी. वडील रोज दिवे मालवत फिरतात, आई रोज तोच टोमणा मारते, धाकटा रोज टॉवेल पलंगावर टाकतो. आणि तरीही रात्री पाने मांडली जातात. कुटुंब टिकते ते माणसे निर्दोष असतात म्हणून नव्हे. एकमेकांचे दोष ठाऊक असूनही ती हसून सोडून देता येतात म्हणून टिकते. चांगली विनोदी मालिका नेमके हेच रोज दाखवते. कारस्थानी मालिका संशय शिकवते आणि विनोदी मालिका क्षमा शिकवते. एकीत सासूचा दोष म्हणजे कट असतो, दुसरीत सासूचा दोष म्हणजे सासूची खोड असते. कुटुंबसंस्थेची चिंता वाहणाऱ्या आपण या दोहोंतील फरक ओळखायला हवा होता. आपण मात्र पहिलीला शिव्या दिल्या आणि दुसरीला 'पोरखेळ' म्हणून सोडून दिले.

विनोदाला पोरखेळ मानण्याचा हा सोवळेपणा आपल्या परंपरेतून आलेला नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रसांत हास्याला मानाचे स्थान दिले. एवढेच नव्हे, तर हास्याचे सहा प्रकार सांगितले : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिली दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांची, मधली दोन मध्यमांची आणि शेवटची दोन अधमांची. म्हणजे 'हसावे की हसू नये' हा प्रश्न आपल्या पूर्वजांना पडलाच नव्हता. 'कसे हसावे' हा त्यांचा प्रश्न होता. सातव्या शतकात पल्लव राजा महेंद्रवर्मन याने 'मत्तविलास' हे प्रहसन लिहिले आणि त्यात भोंदू साधूंची यथेच्छ रेवडी उडवली. सिंहासनावर बसलेल्या राजाला प्रहसन लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्या नाथमहाराजांनी भारुडांतून समाजाला हसवत हसवतच त्याचे कान धरले. हा वारसा असताना आपल्या घरांत विनोदाला दुय्यम लेखण्याचे कारण काय?

मापदंड आपल्याच घरचा

चांगली मालिका कशी ओळखावी, यासाठी बाहेरचे माप नको. महाराष्ट्राकडे स्वतःचे माप आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले आणि त्याच दशकात चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ छोट्या पडद्यावर आले. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ ज्यांनी पाहिला, त्यांना तो आजही आठवतो. १९८४ मध्ये राष्ट्रीय दूरदर्शनवर 'ये जो है ज़िंदगी' आली. शरद जोशी यांचे लेखन आणि प्रत्येक भागात नव्या भूमिकेत अवतरणारे सतीश शाह. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सतीश शाह गेले, तेव्हा घरोघरी त्या भूमिकांची उजळणी झाली; कारण त्या भूमिका कोणा एकाच्या नव्हत्या, सगळ्या घराने मिळून पाहिलेल्या होत्या.

आणि मग २००१ साली अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावर आधारलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली. आजोबा, मुलगा, सून, नातू आणि नात, एवढेच घर. कोणी खलनायक नाही, कोणाचा खून नाही, कोणाचे अनैतिक संबंध नाहीत. नातवंडांच्या जगाकडे आबा कुतूहलाने पाहतात आणि नातवंडे आबांना चिडवता चिडवता त्यांचेच ऐकतात. सुमारे चार वर्षे चालून, लोकांना हवी असतानाच, ती थांबली. 'संस्कार' हा शब्द न उच्चारता संस्कार कसे दाखवावेत, याचा तो वस्तुपाठ होता.

जुने ते सारेच सोने होते, असेही नाही. शेजाऱ्याच्या बायकोकडे डोळा ठेवणाऱ्या दोन नवऱ्यांची गंमत १९९४ च्या 'श्रीमान श्रीमती'त होतीच. तोच धागा पकडून २०१५ मध्ये 'भाबीजी घर पर हैं' आली आणि ती वर्षानुवर्षे चालली. अभिनय कसलेला, संवाद खटकेबाज; पण सगळ्या हशाचे भांडवल एकच, परस्त्रीची अभिलाषा. ज्या विनोदाच्या वेळी वडिलांना मुलीसमोर खाकरून आवाज कमी करावा लागतो, तो विनोद कितीही लोकप्रिय असो, घरात बसून पाहण्याचा नव्हे.

तेव्हा कसोट्या तीन. पहिली : आजोबा आणि नात एकाच वाक्याला हसतात का? दुसरी : हसू कोणावर आहे? दुबळ्यावर, काळ्या रंगावर, जाड शरीरावर, की स्वतःच्याच मध्यमवर्गीय खोडींवर? तिसरी : भाग संपल्यावर घरातल्या माणसाविषयी मनात थोडी अधिक माया उरते का? या कसोट्यांवर गेल्या काही वर्षांतील चार मालिका येथे सुचवीत आहे. दोषांसह सुचवीत आहे. आंधळी शिफारस ही आंधळ्या निंदेइतकीच निरुपयोगी असते.

चार शिफारशी

पहिला मान 'गुल्लक'चा. २०१९ मध्ये सोनी लिव्हवर सुरू झालेल्या या मालिकेची पहिली चार पर्वे २०२४ पर्यंत आली. प्रत्येक पर्वात अवघे पाच भाग. उत्तरेतील एका लहान शहरातील मिश्रा कुटुंब : वीज खात्यात कारकुनी करणारे संतोष मिश्रा, घर ओढणाऱ्या शांती मिश्रा आणि अन्नू व अमन ही दोन मुले. निवेदन करते ती घरातली मातीची गुल्लक, म्हणजे पैसे साठवण्याचे मडके. पुढे थोरला मुलगा औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी म्हणून वणवण करू लागतो, तेव्हा आपल्या ओळखीतले किमान दोन तरुण आपल्या डोळ्यांसमोर येतात. शांती मिश्रांची भूमिका गीतांजली कुलकर्णी यांनी केली आहे. 'कोर्ट' (२०१४) या मराठी चित्रपटातील सरकारी वकील म्हणून त्या आपल्याला ठाऊक आहेत. कानपुरी वळणाचे घर आणि उभे करणारी मराठी अभिनेत्री, तरी कोठेही परकेपणा जाणवत नाही. भारतीय कुटुंब प्रांताप्रांतात किती सारखे आहे, हे सांगायला याहून वेगळे व्याख्यान नको. महिनाअखेरीचा ताण, पाहुण्यांसाठी काढलेली चांगली भांडी, बाप-लेकातील न बोललेले प्रेम, सारे काही आपलेच.

दुसरी 'पंचायत'. २०२० च्या एप्रिलमध्ये, सारा देश घरात कोंडलेला असताना, ती प्राइम व्हिडिओवर आली. शहरातला अभियंता तरुण, मनासारखी नोकरी न मिळाल्याने बलिया जिल्ह्यातील फुलेरा या काल्पनिक गावी पंचायत सचिव म्हणून येतो. गावची निवडून आलेली प्रधान आहे मंजूदेवी. कारभार मात्र तिचा नवरा पाहतो. आपल्याकडे यालाच 'सरपंचपती' म्हणतात आणि ७३ व्या घटनादुरुस्तीला तीन दशके उलटून गेल्यावरही हा प्राणी महाराष्ट्रातून नामशेष झालेला नाही. पहिल्या पर्वाच्या अखेरीस ही मंजूदेवी झेंडावंदनासाठी राष्ट्रगीत पाठ करण्याची धडपड करते. अडखळत, चुकत, पुन्हा सुरुवात करत. त्या प्रसंगाला आधी हसू येते, मग घशाशी काहीतरी दाटते. घोषणा नाही, भाषण नाही. लोकशाही आणि राष्ट्रभाव चुलीपर्यंत कसा पोचतो ते एका गृहिणीच्या पाठांतरात दिसते. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी उपप्रधान प्रल्हाद यांचा सैनिक मुलगा हुतात्मा होतो आणि आतापर्यंत हसवणारे सारे गाव एका बापाभोवती उभे राहते. हुतात्म्याच्या घरी मागे काय उरते, ते येथे पाहावे. याच दुसऱ्या पर्वाला २०२३ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, वेब मालिकांसाठी प्रथमच दिलेला पुरस्कार मिळाला.

आता दोष. 'पंचायत'मध्ये अधूनमधून शिवराळ शब्द येतात. लहान मुले बरोबर असतील तर हे आधी ठाऊक असावे. दुसरे असे की, तिसऱ्या आणि चौथ्या (२०२५) पर्वात गावातील गटबाजी आणि निवडणुकीची खेचाखेच एवढी वाढली की पहिल्या पर्वाचा मोकळा वारा कमी झाला. पहिली दोन पर्वे अवश्य पाहावीत. पुढची पाहताना अपेक्षा थोडी आवरावी.

तिसरी 'दुपहिया', २०२५ च्या मार्चमध्ये प्राइम व्हिडिओवर आलेली. बिहारमधील धडकपूर हे काल्पनिक गाव. पंचवीस वर्षांत तेथे एकही गुन्हा घडलेला नाही आणि गावाला त्याचा केवढा अभिमान! अशा गावात मुलीच्या लग्नात जावयाला द्यायची नवी कोरी मोटारसायकल चोरीला जाते आणि तक्रार करावी तर गावाची कीर्ती धुळीला मिळते. गजराज राव वधूपिता झाले आहेत आणि आपल्या रेणुका शहाणे यांनी सरपंचबाई उभ्या केल्या आहेत. मालिका शेवटपर्यंत चोर शोधत राहते. पण प्रेक्षकाच्या लक्षात हळूहळू येते की खरा गुन्हा मोटारसायकलची चोरी हा नाहीच. तिची मागणी हाच गुन्हा आहे, आणि तो तर गावाच्या नोंदवहीत गुन्हा म्हणून कधी लिहिलाच गेला नव्हता. हुंड्यावर आपण किती परिपत्रके काढली असतील! त्या साऱ्यांहून हे हसणे अधिक बोचते.

चौथी 'वागले की दुनिया'. १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेली, कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली मूळ मालिका वडीलधाऱ्यांना आठवत असेल. २०२१ मध्ये सब वाहिनीवर ती पुढच्या पिढीची कथा म्हणून पुन्हा आली. मूळ वागले दांपत्य, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर, आता आजी-आजोबा झाले आणि मुलगा राजेश म्हणून सुमीत राघवन आले. अनेक वर्षे ही मालिका रोजच्या प्रश्नांवर बोलत राहिली : सोसायटीतील भांडणे, मुलांची परीक्षा, म्हाताऱ्यांचा एकाकीपणा. रोजची मालिका असल्याने पाणी घालण्याचे प्रकार तिच्यातही आहेत आणि काही भागांत उपदेश विनोदाच्या पुढे धावतो. तरीही मुंबईतील एका मराठी मध्यमवर्गीय घराला साऱ्या देशाने आपले मानले, ही गोष्ट आपल्याला सुखावणारी आहे.

मराठीत काय?

येथे एक प्रश्न अपरिहार्यपणे येतो. चारही शिफारशी हिंदी मालिकांच्या का? उत्तर कटू आहे. 'टिपरे' दाखवणाऱ्या मराठी दूरचित्रवाणीने घरगुती विनोदी मालिका हा प्रकार जवळजवळ सोडून दिला आणि सारा विनोद रंगमंचावरील दहा मिनिटांच्या प्रहसनांत कोंबला. त्या प्रहसनांतील कलावंत गुणी आहेत, खेड्यापाड्यांतून कष्टाने वर आलेले आहेत. त्यांच्याविषयी आदरच आहे. परंतु प्रहसन हशा पिकवून संपते. त्यात माणसे रोज भेटत नाहीत, त्यांच्याशी आपले नाते जडत नाही. त्यातही पुरुषाला लुगडे नेसवले की विनोद झाला, ही समजूत आता पुरे झाली. ज्या भाषेत श्रीपाद कृष्णांनी 'सुदाम्याचे पोहे' वाढले, गडकऱ्यांनी 'बाळकराम' लिहिले आणि पुलंनी चाळीलाच महाराष्ट्राचे घर केले, त्या भाषेत लेखक नाहीत असे कोणी म्हणेल काय? लेखक आहेत. मागणी नाही. आणि मागणी नाही याचा अर्थ आपण ती केलेली नाही. वाहिनीला निषेधाची पत्रे आपण पाठवतो. एखादा भाग आवडला म्हणून लेखकाला अभिनंदनाचे पत्र आपल्यापैकी कितीजणांनी पाठवले?

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील, "त्यापेक्षा टीव्ही बंद ठेवावा आणि पुस्तक वाचावे." वाचावेच. परंतु टीव्ही बंद केल्याने डोंबिवलीच्या त्या घरातील चार मोबाइल बंद होत नाहीत. उलट दिवाणखान्यातला एक मोठा पडदा, जो सगळ्यांना एका दिशेला तोंड करून बसवत होता, तो काळा होतो आणि चार छोटे पडदे चार दिशांना उजळतात. एकेकाळी ज्या पेटीला आपण घर फोडणारी म्हटले, ती आज निवडून वापरली तर घर जोडू शकते. काळ बदलला की शस्त्राची बाजूही बदलते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरा आक्षेप तरुणांचा असेल : "आम्ही आमचे पाहतो, तुम्ही तुमचे पाहा." या वाक्यातच दुखणे आहे. जी पिढी आपल्या आजोबांबरोबर कधी हसलीच नाही, ती उद्या त्यांच्याबरोबर रडेल ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

आठवड्यातून एक तास

तेव्हा सूचना अगदी छोटी आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी. रात्रीचे जेवण एकत्र करावे, मोबाइल एका टोपलीत ठेवावेत आणि एका पडद्यावर एक भाग पाहावा. एकच. मालिका निवडण्याचा मान आळीपाळीने घरातल्या प्रत्येकाला द्यावा. एका शनिवारी नातीने निवडावी, पुढच्या शनिवारी आजोबांनी. आवडली नाही तर तसे स्पष्ट सांगावे, पण शेवटपर्यंत पाहून सांगावे. भाग संपल्यावर दहा मिनिटे त्यावर बोलावे. बोलण्याचा विषय मिश्रांच्या घरातून आपल्या घरात कधी आला हे कळणारही नाही, आणि वर्षानुवर्षे न बोललेली एखादी गोष्ट विनोदाच्या आडून सहज बोलली जाईल. ज्या कार्यकर्त्यांना महिन्यातले पंधरा दिवस प्रवास असतो, त्यांनी तर हा एक तास आग्रहाने राखावा. समाजाच्या घरोघरी संपर्क करताना आपल्या घरचा संपर्क तुटू नये.

त्या डोंबिवलीच्या घरातील नात काय पाहून हसली, ते मला अजून ठाऊक नाही. कदाचित ते खरोखरच पोरकट असेल. कदाचित फार चांगलेही असेल. पण एक गोष्ट निश्चित आहे. पुढच्या वेळी ती "तुम्हाला नाही कळायचं" असे म्हणाली, तर आजोबांनी इअरफोन पुन्हा कानात घालू नये. खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसावे आणि म्हणावे, "कळेपर्यंत दाखव."